फिल्म प्रोसेसरचं रिप्लेनिशमेंट आणि वॉटर सेव्हिंग : कोणती सेटिंग कमी करायची आणि कोणती अजिबात नाही?

दवाखान्यात एक्स-रे काढला की काही मिनिटांत काळी-पांढरी फिल्म हातात येते. आज बऱ्याच ठिकाणी हे काम डिजिटल झालंय. पण अनेक छोट्या क्लिनिकमध्ये, तसंच पाइप आणि वेल्डिंगचे जोड तपासणाऱ्या इंडस्ट्रियल रेडिओग्राफीत, केमिकलवर चालणारे फिल्म प्रोसेसर अजूनही वापरात आहेत. तुम्ही रेडिओग्राफीचा कोर्स करत असाल किंवा अशा ठिकाणी नवीन नोकरीला लागला असाल, तर या मशीनशी गाठ पडणारच.

या मशीनच्या मेनूमध्ये दोन सेटिंग असतात आणि त्यांना हात लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. एक म्हणजे रिप्लेनिशमेंट रेट, दुसरी म्हणजे वॉटर सेव्हिंग. दोन्हीकडे "आकडा कमी केला की खर्च कमी" असं वाटतं. पाण्याच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे. केमिकलच्या बाबतीत मात्र ही बचत फसवी ठरू शकते आणि तिची किंमत पेशंटला जास्तीच्या रेडिएशनच्या रूपात मोजावी लागते. ते कसं, हे आपण या लेखात स्टेप बाय स्टेप बघू.

## फिल्म प्रोसेसर म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर हा रोलरवर चालणारा छोटा कन्व्हेयर आहे. एका बाजूने एक्सपोज केलेली फिल्म आत जाते आणि दुसऱ्या बाजूने धुऊन, वाळून बाहेर येते. मधे चार टप्पे असतात :

१. डेव्हलपर : फिल्मवरच्या ज्या कणांवर एक्स-रे किंवा प्रकाश पडला आहे, त्यांचं रूपांतर काळ्या चांदीत होतं.
२. फिक्सर : प्रकाश न लागलेले चांदीचे क्षार विरघळून निघून जातात.
३. वॉश : फिल्मला चिकटलेला फिक्सर पाण्याने धुतला जातो.
४. ड्रायर : गरम हवेने फिल्म वाळते.

रोलरवर चालणारं पहिलं मशीन कोडॅकने १९५६ मध्ये आणलं. तेव्हा एका फिल्मला सुमारे सहा मिनिटं लागायची. १९६५ मध्ये ९० सेकंदांची प्रोसेस आली आणि मेडिकल एक्स-रेमध्ये तीच रुळली. एवढ्या कमी वेळात काम व्हायचं तर डेव्हलपर साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो आणि त्याची ताकद दिवसभर एकसारखी राहावी लागते. इथेच रिप्लेनिशमेंटचा संबंध येतो.

## रिप्लेनिशमेंट का लागतं?

प्रत्येक फिल्म डेव्हलपरमधून जाताना त्यातली थोडी ताकद खाते. हायड्रोक्विनोन आणि फेनिडोन ही मुख्य काम करणारी केमिकल्स खर्च होतात. त्याच वेळी फिल्ममधून ब्रोमाइड सुटून डेव्हलपरमध्ये मिसळतं. ब्रोमाइड म्हणजे या प्रक्रियेचा ब्रेक समजा. ते वाढलं की डेव्हलपिंग मंदावतं. म्हणून मशीन प्रत्येक फिल्ममागे थोडा ताजा डेव्हलपर टाकीत सोडतं आणि तेवढाच जुना ओव्हरफ्लोमधून बाहेर जातो.

आता उलट बाजू बघा. ताजा डेव्हलपर गरजेपेक्षा जास्त सोडला तर ब्रोमाइड पातळ होतं, ब्रेक सैल होतो आणि जिथे काहीच दिसायला नको तिथेही फिल्मवर राखाडी धूसरपणा येतो. त्याला फॉग म्हणतात. म्हणजे "जास्त टाकलं तर चांगलंच" हेही खरं नाही. टाकी पहिल्यांदा भरताना डेव्हलपरमध्ये स्टार्टर का घालतात, याचं उत्तरही इथेच आहे. कोऱ्या डेव्हलपरमध्ये ब्रोमाइडचा ब्रेक नसतो, तो स्टार्टर देतो. रोजच्या रिप्लेनिशमेंटच्या कॅनमध्ये मात्र सहसा स्टार्टर घालायचा नसतो.

फिक्सरचं गणित थोडं वेगळं आहे. डेव्हलपर अल्कलाइन असतो, फिक्सर आम्लधर्मी. प्रत्येक फिल्म आपल्यासोबत थोडा डेव्हलपर फिक्सरमध्ये ओढून नेते आणि फिक्सर कमजोर होतो. शिवाय त्यात विरघळलेली चांदी साठत जाते. म्हणून फिक्सरचा रेट डेव्हलपरपेक्षा जास्त ठेवतात.

मेडिकल एक्स-रेमध्ये दर ३५ सेंटीमीटर फिल्ममागे साधारण ६० ते ७० मिली डेव्हलपर आणि १०० ते ११० मिली फिक्सर, हे पुस्तकात सापडणारे आकडे आहेत. तुमच्या फिल्म आणि केमिकलच्या कंपनीने दिलेला आकडा वेगळा असेल तर तोच धरायचा.

## मशीनला कसं कळतं किती केमिकल द्यायचं?

खरं तर मशीनला डेव्हलपरची ताकद कळतच नाही. बहुतेक प्रोसेसरमध्ये केमिकलची ताकद मोजणारा सेन्सर नसतो. तोंडाशी असलेला मायक्रोस्विच किंवा इन्फ्रारेड सेन्सर एवढंच सांगतो की "फिल्म आत जाते आहे". त्यावरून मशीन लांबी किंवा क्षेत्रफळ काढतं आणि ठरलेले सेकंद पंप चालवतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत हा ओपन लूप आहे. कमांड गेली, पण काम झालं का हे कोणी परत येऊन सांगत नाही.

त्यामुळे दोन गोष्टी लक्षात ठेवा :

- फिल्म कशी टाकता याला महत्त्व आहे. फक्त लांबी मोजणाऱ्या मशीनमध्ये फिल्मची लहान बाजू साइड गाइडला लावून टाकायची पद्धत आहे. उलटी टाकली तर तेवढ्याच फिल्मला जास्त केमिकल जातं. छोट्या साइजच्या दोन फिल्म शेजारी-शेजारी टाकल्या तर एकाच वेळच्या केमिकलमध्ये काम होतं. मेनूला हात न लावता होणारी ही बचत आहे.
- फिल्म किती काळी आहे हे मशीनला दिसत नाही. जास्त काळी फिल्म डेव्हलपर जास्त खाते. सेट केलेला रेट हा तुमच्या सरासरी कामासाठी असतो. कामाचा प्रकार बदलला तर रेट परत तपासावा लागतो.

## स्क्रीनवरचा आकडा आणि प्रत्यक्ष पडणारं केमिकल

हा लेखातला सगळ्यात कामाचा भाग आहे. समजा तुमच्या मशीनमध्ये ६५ मिली असं सेट आहे. मशीनच्या मेमरीत पंपाची क्षमता मिनिटाला ६०० मिली, म्हणजे सेकंदाला १० मिली अशी नोंद आहे. मग मशीन ६.५ सेकंद पंप चालवतं. हिशोब बरोबर.

पण दोन वर्षांत पंपाचा डायफ्राम सैल झाला, पाइपमध्ये क्षार साठले आणि पंप आता मिनिटाला ४५० मिलीच देतो आहे. मशीन अजूनही ६.५ सेकंदच चालवणार. प्रत्यक्षात पडणार सुमारे ४९ मिली. स्क्रीनवर मात्र ६५ च दिसणार! फोन ८० टक्के बॅटरी दाखवतो आणि एकदम बंद पडतो, तसाच हा प्रकार. म्हणून आकडा बदलण्याआधी पंप मोजायचा.

पंप मोजायची पद्धत :

१. हातमोजे आणि चष्मा घाला, खोलीत हवा खेळती ठेवा.
२. सध्याच्या सगळ्या सेटिंगच्या स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही बिघडलं तर परत येण्याचा हाच रस्ता.
३. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेतून रिप्लेनिशमेंटचा पाइप मोजपात्रात सोडा. डेव्हलपर आणि फिक्सरची मोजपात्रं वेगळी ठेवा. फिक्सरचे थोडे थेंबही डेव्हलपरची अख्खी टाकी खराब करू शकतात.
४. पाइपमधली हवा निघून जाईपर्यंत पंप चालवा.
५. टेस्ट मोडमध्ये पंप ६० सेकंद चालवा आणि मिली लिहून घ्या. टेस्ट मोड नसेल तर एक टाकाऊ फिल्म आत सोडा आणि तेवढ्यात पडलेलं केमिकल मोजा.
६. असं तीन वेळा करून सरासरी काढा. तीन आकड्यांत मोठा फरक असेल तर सेटिंग बदलू नका. आधी फिल्टर, व्हॉल्व्ह आणि पाइपची गळती बघा.
७. सरासरी मेमरीतल्या आकड्याशी जुळत नसेल तर मशीनमध्ये खरा आकडा भरा. मिली प्रति फिल्म हा आकडा तसाच राहू द्या.

बऱ्याच वेळा "रेट वाढवावा लागतोय" ही तक्रार इथेच संपते.

## रेट कमी केला तर लगेच काहीच का बिघडत नाही?

आता मुख्य धोका. समजा डेव्हलपरची टाकी ८ लिटरची आहे आणि फिल्ममागे ६५ मिली पडतात. म्हणजे एका टाकीएवढं ताजं केमिकल जायला सुमारे १२३ फिल्म लागतात. पण ताजं केमिकल जुन्यात मिसळतं आणि मिसळलेलंच बाहेर जातं. त्यामुळे १२३ फिल्मनंतरही फक्त ६३ टक्के डेव्हलपर बदललेला असतो. ९५ टक्के बदलायला तीन टाक्यांएवढं केमिकल लागतं.

कोणी खर्च वाचवायला रेट ४५ मिलीवर आणला तर एका टाकीला १७८ फिल्म लागतील. दिवसाला ४० फिल्म असतील तर नवीन सेटिंगचा जवळपास पूर्ण परिणाम दिसायला १३ दिवस लागतील. पहिले दोन-तीन दिवस फिल्म एकदम छान येते. सगळ्यांना वाटतं, बघा, काही फरक पडला नाही.

नंतर फिल्म हळूहळू फिकी पडायला लागते, कॉन्ट्रास्ट उतरतो. आणि मग काय होतं? फिल्म फिकी दिसली की ऑपरेटरचा हात पहिल्यांदा एक्स-रे मशीनच्या एमएएस सेटिंगकडे जातो. १० एमएएसच्या जागी १२.५ दिलं की फिल्म परत पुरेशी काळी येते. पण केव्ही तेच ठेवून एमएएस २५ टक्के वाढवलं, तर पेशंटला मिळणारा डोसही २५ टक्के वाढतो. कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण फिल्म "नॉर्मल" दिसते. त्यात फिकी फिल्म रिजेक्ट होऊन एक्स-रे परत काढावा लागला तर डोस दुप्पट. फिल्ममागे २० मिली डेव्हलपर वाचवायचा आणि तो पेशंटच्या अंगावर काढायचा, असा हा व्यवहार आहे.

डेव्हलपरचं तापमान वाढवून ही कसर भरून काढणं हाही चुकीचा उपाय आहे. काळेपणा वाढतो, पण सोबत फॉगही वाढतो आणि बारीक तपशील हरवतात.

## काम कमी असेल तर?

दिवसाला पाच-सात फिल्मच होत असतील तर वेगळीच अडचण येते. डेव्हलपर फिल्ममुळे कमी आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे जास्त खराब होतो. फिल्मच गेली नाही तर पंपही चालत नाही आणि टाकीतला डेव्हलपर नुसता पडून तपकिरी होत जातो. इथे रेट कमी करणं म्हणजे आजार वाढवणं.

यासाठी काही मशीनमध्ये वेळेवर चालणारं रिप्लेनिशमेंट असतं. फिल्म येवो न येवो, ठरावीक मिनिटांनी थोडं ताजं केमिकल सोडलं जातं. याचाच एक प्रकार म्हणजे फ्लड रिप्लेनिशमेंट. त्यात फिल्मवर आधारित पंपिंग बंद करतात आणि कॅनमधल्या डेव्हलपरमध्येच स्टार्टर मिसळतात. वर सांगितलेल्या स्टार्टरच्या नियमाला हा अपवाद आहे. दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नका. शिवाय टाकीवरचं झाकण नीट बसवणं आणि कॅनवर तरंगणारं झाकण ठेवणं, यानेही डेव्हलपर जास्त टिकतो.

## पाणी : इथे खरी बचत आहे

आता चांगली बातमी. जुन्या पद्धतीत मशीन चालू असेपर्यंत वॉशचा नळ वाहत राहतो. समजा प्रवाह मिनिटाला ५ लिटर आहे. आठ तासांत २,४०० लिटर पाणी जातं, फिल्म आली काय आणि नाही काय. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात हा आकडा छोटा नाही.

वॉटर सेव्हिंग मोडमध्ये सोलेनॉइड व्हॉल्व्ह फिल्म आत गेल्यावरच उघडतो. ९० सेकंदांची प्रोसेस आणि त्यानंतर एक मिनिट, असे फिल्ममागे अडीच मिनिटं धरले तर ४० फिल्मना १०० मिनिटं, म्हणजे ५०० लिटर. रोजचे १,९०० लिटर वाचले आणि फिल्म धुताना मिळणारा प्रवाह तेवढाच राहिला. फिल्म लागोपाठ टाकल्या तर आणखी पाणी वाचतं.

मेनूमध्ये साधारण या सेटिंग असतात :

- रन-ऑन टाइम : शेवटची फिल्म गेल्यावर पाणी किती वेळ चालू राहील. फिल्म वॉशमधून पूर्ण बाहेर पडण्याआधी पाणी बंद होईल इतका कमी ठेवू नका.
- स्टँडबाय : काही मिनिटं फिल्म आली नाही तर रोलर, पाणी आणि ड्रायर थांबतात. डेव्हलपरचा हीटर चालू राहतो, त्यामुळे पुढची फिल्म लगेच घेता येते. फोनची स्क्रीन बंद होते पण कॉल येतो, तसंच.
- ऑटो ड्रेन : दिवसाच्या शेवटी वॉशची टाकी रिकामी करणं. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरतं आणि ते फिल्मवर चिकटतं. थोडं पाणी जातं, पण हे बंद करू नका.

दोन ठिकाणी सांभाळा. पहिलं, काही मशीनमध्ये वॉशचं पाणीच डेव्हलपरचं तापमान आटोक्यात ठेवतं. तिथे पाणी बंद राहिलं तर डेव्हलपर जास्त गरम होऊ शकतो. मोड चालू केल्यावर पहिला आठवडा तापमान दिवसातून तीन-चार वेळा लिहून ठेवा. दुसरं, नळ अर्धवट पिळून प्रवाह कमी करणं हा वॉटर सेव्हिंग मोड नव्हे. त्यात फिल्म धुताना लागणारंच पाणी कापलं जातं.

फिल्म कमी धुतली गेली तर आज काहीच दिसत नाही. पण आत राहिलेला फिक्सर काही महिन्यांनी, वर्षांनी फिल्म पिवळी-तपकिरी करतो. जुन्या एक्स-रेशी तुलना करायची वेळ येते, तेव्हा तुलनेला काही उरलेलं नसतं. हे तपासायला हायपो टेस्ट किट मिळतं. फिल्मच्या पारदर्शक भागावर एक थेंब टाकायचा, दोन मिनिटांनी टिपायचा आणि डागाचा रंग पट्टीशी जुळवायचा. अमेरिकेतल्या मॅमोग्राफीच्या नियमांत दर चौरस सेंटीमीटरला ५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. पाण्याची कोणतीही सेटिंग बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर ही टेस्ट करा.

## लक्षणावरून कारण ओळखा

| फिल्मवर काय दिसतं | आधी काय तपासायचं |
|---|---|
| फिकी, कॉन्ट्रास्ट कमी | डेव्हलपरचा पंप, तापमान, डेव्हलपरचा रंग |
| सगळीकडे राखाडी फॉग | तापमान, जास्त रिप्लेनिशमेंट, स्टार्टर राहिला का, सेफलाइट |
| दुधाळ किंवा चिकट, ओली बाहेर येते | फिक्सरचा पंप, मग ड्रायर |
| काही महिन्यांनी पिवळी पडते | वॉशचा प्रवाह, रन-ऑन टाइम, फिक्सर |
| हिरवट कण, ठिपके | वॉश टाकीतलं शेवाळ, पाण्याचा फिल्टर |

## सेटिंग बदलायचा योग्य क्रम

१. आधी टेस्ट स्ट्रिप घ्या. सेन्सिटोमीटर फिल्मवर २१ पायऱ्यांची पट्टी उमटवतो आणि डेन्सिटोमीटर तिचा काळेपणा मोजतो. रोज सकाळी, मशीन गरम झाल्यावर आणि पेशंटच्या फिल्मआधी, तीन आकडे लिहायचे : मधल्या पायरीची डेन्सिटी, कॉन्ट्रास्ट आणि फॉग.
२. एका वेळी एकच सेटिंग बदला, तीही थोडीशी. पाण्याची सेटिंग आधी, केमिकलची शेवटी.
३. टाकीच्या हिशोबाने तीन टाक्या पूर्ण होईपर्यंत थांबा. तोपर्यंत निकाल जाहीर करू नका.
४. अमेरिकन मॅमोग्राफीच्या नियमांत पहिले दोन आकडे ०.१५ पेक्षा जास्त वर-खाली गेले किंवा फॉग ०.०३ पेक्षा जास्त वाढला तर काम थांबवतात. साध्या एक्स-रेसाठीही ही मर्यादा चांगली फूटपट्टी आहे.
५. मर्यादा ओलांडली तर एक्स-रेचा एमएएस वाढवू नका. प्रोसेसर जुन्या सेटिंगवर आणा आणि कारण शोधा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोनच्या कॅमेऱ्याने फिल्मची डेन्सिटी मोजता येते का?
सेटिंग ठरवण्याइतकी अचूक नाही. फोन एक्सपोजर आपोआप बदलतो आणि फोटोवर स्वतःचं प्रोसेसिंग करतो, त्यामुळे फिकी फिल्मही ठीक दिसू शकते. फोन रोजचे आकडे शीटमध्ये भरून ग्राफ काढायला वापरा. उतरती रेष डोळ्यांच्या आधी ग्राफवर दिसते.

आमच्याकडे ड्राय इमेजर आहे. हे सगळं लागू होतं का?
नाही. ड्राय इमेजर उष्णतेने फिल्मवर प्रिंट काढतो. त्यात डेव्हलपर, फिक्सर, पाणी काहीच नसतं.

कॅमेऱ्याचे रंगीत रोल धुणाऱ्या लॅबमध्येही असंच असतं का?
तत्त्व तेच, आकडे वेगळे. सी-४१ प्रोसेसमध्ये डेव्हलपर ३७.८ अंशांना असतो आणि अनेक मिनीलॅबमध्ये वाहत्या पाण्याऐवजी स्टॅबिलायझर वापरतात. इथले आकडे तिथे वापरू नका.

वापरलेला फिक्सर बेसिनमध्ये ओतला तर चालतो का?
नाही. त्यात चांदी असते. भारताच्या २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांत एक्स-रे फिल्म धुण्याचं द्रव केमिकल कचऱ्यात धरलं आहे. आधी त्यातली चांदी काढून घेणं आणि प्रक्रिया करणं गरजेचं आहे, मगच ते सांडपाण्यात जाऊ शकतं. चांदी काढून विकता येते, त्यामुळे केमिकलचा थोडा खर्चही भरून निघतो.

मग खर्च कमी करायला सगळ्यात आधी काय करू?
पंप मोजा, फिल्म योग्य बाजूने टाका, वॉशचा व्हॉल्व्ह फिल्मशी जोडा, स्टँडबाय चालू करा आणि फिक्सरमधली चांदी वाया घालवू नका. एवढं करूनही रिप्लेनिशमेंट रेट कमी करावासा वाटला, तर रोजच्या टेस्ट स्ट्रिपचा ग्राफ समोर ठेवूनच करा. ग्राफ नसेल तर त्या आकड्याला हात लावू नका.